एकाच रस्त्याचा कंटाळा

*ताई, मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ४४, गुहागरात पतसंस्थेत कारकून आहे. मागच्या तपासणीत तीन महिन्यांची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, अजून गोळी नको, कार्डिओ (दम लागेल असा व्यायाम) सुरू करा. हप्त्यावर व्यायामाची सायकल घेतली, ती आता पडवीत आहे आणि तिच्यावर कपडे वाळतात. मग चालायला लागले. रोज संध्याकाळी घरापासून एसटीच्या फाट्यापर्यंत आणि परत. २१ दिवस केलं की सवय लागते असं ऐकलं होतं, म्हणून २१ दिवस एकही खाडा केला नाही. बाविसाव्या दिवशी पाऊस आला आणि मनात पहिला शब्द आला, सुटले! तेव्हापासून चार दिवस जाते, आठ दिवस बसते. रस्त्यात भेटेल तो विचारतो, ‘काय गो, इकडे कुठे?’ सासूबाई म्हणतात, दिवसभर पायांवरच असतेस, आणखी कसला व्यायाम? घड्याळात दहा हजार पावलं कधी भरत नाहीत. आळशी म्हणा हवं तर, पण हा कंटाळा घालवायचा कसा ते सांगा.*

*ता. क. ह्यांनाही चालायचं आहे, पण बरोबर निघालो की पहिल्याच वळणाला ते दिसेनासे होतात. काय करू?*

*– एक कंटाळलेली वाचक*

जी बाई २१ दिवस एकही खाडा न करता त्याच डांबरी रस्त्याने फाट्यापर्यंत जाऊन येते, तिला आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. बाविसाव्या दिवशी ‘सुटले’ वाटलं यातही नवल नाही. तो २१चा आकडाच मुळात उसना आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतरचा बदललेला चेहरा आपलासा वाटायला पेशंटला निदान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘निदान’ गळलं, चेहराही गळला, आणि जगभरच्या भिंतींवर नुसते २१ दिवस उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं, तेव्हा नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सगळं पाण्यात जात नाही. तेव्हा पावसाने एक दिवस खाल्ला तर तो खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी निघायचं, एवढंच.

दहा हजार पावलांचंही तसंच. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. त्या आकड्यामागे तेव्हा शास्त्र नव्हतं. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची चढण संपलेली दिसली. घड्याळ हातात राहू दे, पण पावलांसाठी त्याच्याकडे बघू नका. तुम्हाला त्यातला फक्त मिनिटकाटा लागणार आहे.

आता कंटाळ्याबद्दल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वेळ एक, रस्ता एक, आणि लिहिलं नसलंत तरी कळतं की वेगही एकच. पहिल्या आठवड्यात त्या चालीने धाप लागली असेल, तिसऱ्यात लागेनाशी झाली. अंगाला ते काम जमलं, मग मनाला करायला काही उरलं नाही. अशा वेळी लोक नवे बूट घेतात, नवं अ‍ॅप घेतात, सायकल घेतात (तुम्ही ती आधीच घेऊन झालात). मी म्हणेन, आधी वेग मोडा.

जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे यांनी मध्यम आणि उतारवयाच्या माणसांना एक साधं काम दिलं. तीन मिनिटं सावकाश चालायचं, तीन मिनिटं झपाझप, असे पाच फेरे, आठवड्यातून निदान चार दिवस. पाच महिन्यांनी त्यांची तुलना एकाच चालीने चालणाऱ्यांशी केली. आलटूनपालटून चालणाऱ्यांचा दम जास्त वाढला होता, मांड्यांची ताकद वाढली होती, रक्तदाबही जास्त उतरला होता. हे २००७ सालचं काम. एका बैठकीला अर्धा तास लागतो आणि तुमच्या फाट्याच्या रस्त्यावर ते उद्यापासून होईल.

घड्याळाकडे सारखं बघायचा वैताग नको असेल तर विजेचे खांब धरा. पहिली पाच-सात मिनिटं अंग मोकळं होईपर्यंत रमतगमत जा. मग एकदाच घड्याळ लावून बघा, झपाझप चालीने तीन मिनिटांत किती खांब मागे पडतात. सहा पडतील, सात पडतील, खांब कुठे जवळ असतात कुठे लांब. तो आकडा तुमचा. तेवढे खांब जोरात, मग श्वास खाली बसेपर्यंत सावकाश. आणि ज्या दिवशी मोजायचाही कंटाळा येईल त्या दिवशी खेळ करा: समोरच्या खांबापासून त्या फणसापर्यंत जोरात, फणसापासून मोरीपर्यंत हळू, मग मनात येईल तसं. स्वीडनचे प्रशिक्षक योस्टा होल्मेर १९३०च्या दशकात आपल्या धावपटूंना असंच रानावनातून वेग बदलत पळवत. या सरावाला त्यांनी ‘फार्टलेक’, म्हणजे स्वीडिशमध्ये ‘वेगाचा खेळ’, असं नाव दिलं, पण आत आहे तो पोरखेळच, आणि तो ४४व्या वर्षीही चालतो.

जोर किती हवा, याला यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येतंय पण आरती सुरात म्हणता येत नाही, तर तो मध्यम जोर. चारदोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर तो जास्तीचा. झपाझपच्या खांबांना तुम्ही या दोहोंच्या सीमेवर असावं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची सांगते, किंवा त्याच्या निम्मी जास्त जोराची. तुम्ही खालच्या आकड्याने सुरुवात करा.

हा वेगाचा भाग झाला. जागा आणि वेळ बदलायचं काम मात्र तुमच्याकडे घेऊ नका. रोज संध्याकाळी ‘आज कुठे जाऊ’ म्हणून विचार करत बसलात की अर्धा विचार होईपर्यंत चहा येतो आणि संपतं. ते काम समुद्राला द्या. तुम्ही गुहागरात नोकरी करता, म्हणजे सहाएक किलोमीटरचा सरळसोट किनारा तुमच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तुम्ही त्याला पाठ करून फाट्याकडे चालताय!

भरतीचा जुना हिशोब घरात कुणाला तरी येत असेल. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी वर चढलेलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी, पाच-साडेपाचला. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. पण चालायला तेवढं पुरतं. शिवाय त्या दिवसांत उधाण असतं, भरती जेवढी वर येते ओहोटी तेवढीच लांब जाते, आणि सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत मैदानाएवढी ओली पुळण उघडी पडते. भरतीओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तेव्हा चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत, दर पंधरवड्यातल्या पाच संध्याकाळी, ऑफिस सुटलं की चपला पिशवीत टाकायच्या आणि पुळणीवर उतरायचं. बाकीच्या बऱ्याच तिथींना पाणी वर आलेलं असतं, तेव्हा रस्ता किंवा पायऱ्यांची पाखाडी. कॅलेंडर भिंतीवर आहेच. त्या पाच दिवसांभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवा.

पुळणीवर वेगाचा खेळ आणखी सोपा होतो. पाण्यालगतची ओली रेती टणक असते, तिच्यावर झपाझप चाला. मग वरच्या कोरड्या, पाय रुतणाऱ्या रेतीत शिरा. तिथे वेग आपोआप पडतो, पण सुट्या रेतीत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, म्हणून दम तसाच राहतो. पोटऱ्या दोन दिवस बोलतील, तेव्हा सुरुवातीला कोरड्या रेतीत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. एक बारीक गोष्ट: किनारा पाण्याकडे उतरता असतो, एक पाय कायम खाली पडतो. एका दिशेने लांब जाऊन रिक्षाने परत आलात तर त्या बाजूचा घोटा आणि कंबर कुरकुरते. जेवढं गेलात तेवढंच चालत परत या, म्हणजे हिशोब फिटतो.

पाखाडीला कमी लेखू नका. वाडीतून देवळाकडे किंवा वरच्या सड्यावर जाणारी जांभ्याची पाखाडी तुमच्याकडेही असणार. तीस-चाळीस पायऱ्या चढून उतरायच्या, वर एक मिनिट उभं राहायचं, परत. पाचसहा वेळा केलं की चांगलाच घाम निघतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरची माणसं तपासली होती. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. तिकीट फाडणाऱ्यांनी कार्डिओचं नावही ऐकलं नव्हतं. गुडघा दुखत असेल तर उतरताना सावकाश, कठड्याला हात लावून. चढताना गुडघ्यावर येणारा भार उतरण्याच्या मानाने कमी असतो.

पावसाळा हा तुमचा खरा प्रश्न आहे, कारण आपल्याकडे तो चार महिने मुक्कामाला असतो. जून ते सप्टेंबर पुळणीवर एकटीने जायचं नाही. लाट कुठवर येईल ते सांगता येत नाही आणि माघारी ओढ जबर असते. पाखाडीवर शेवाळ असतं, तीही बंद. पाऊस उघडला असेल त्या संध्याकाळी खांबांचा रस्ता, आणि पडत असेल तेव्हा घरात. घरातलं काय, तर फुगडी आणि झिम्मा. हसू नका. गौरीच्या जागरणाला ज्या बायका अर्धी रात्र नाचतात त्यांना विचारा, पहिल्या दिवशी पाच मिनिटांत छाती कशी भरून येते. आषाढात वाडीतल्या चौघीजणींना गोळा करा, ‘यंदा गौरीला आपण कमी पडायचं नाही’ एवढं कारण पुरेसं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणाच्या तरी माजघरात पाऊण तास. उभी फुगडी, झिम्मा, पिंगा आलटूनपालटून, मध्ये श्वास घ्यायला गाणी. बसफुगडी आणि कोंबडा गुडघे ठणठणीत असणाऱ्यांनीच करावा. एकमेकींना घट्ट धरा, आणि शेणाने ताजी सारवलेली जमीन असेल तर ती पूर्ण वाळू द्या. पुरुषमंडळींची जाखडीची तालीम त्याच सुमाराला सुरू होते. पायात चाळ बांधून तासभर नाचणारी ती पोरं कुठल्या जिमला जात नाहीत, तरी दमात कुणाला ऐकत नाहीत. यात मोठा फायदा असा की तुम्ही गेला नाहीत तर तिघी दारात येऊन उभ्या राहतात.

सायकल विकू नका. तिला फक्त पडवीच्या कोपऱ्यातून काढा आणि कपड्यांना दोरी बांधून द्या. मग एखादी गोष्ट अशी निवडा जी ऐकायला किंवा बघायला तुम्हाला मनापासून आवडते, एखादी मालिका, कीर्तन, दशावताराचा खेळ, बोलक्या पुस्तकाचा पुढचा भाग. ती सायकलवर बसूनच बघायची, स्वयंपाक करताना नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हे करून बघितलं. खिळवून ठेवणाऱ्या गोष्टी फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली, तर सुरुवातीला तिथलं येणं निम्म्याने वाढलं. पण सणाची सुट्टी आली आणि गाडी रुळावरून घसरली. आपल्याकडे हा घसरा गणपतीत येणार हे आत्ताच धरून चाला. चाकरमानी येतील, घर भरेल, दहा-बारा दिवस सायकलकडे कुणी फिरकणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाहुणे एसटीत बसले की दुसऱ्या दिवशी नवी मालिका लावून परत चढा.

‘काय गो, इकडे कुठे?’ या प्रश्नावर माझ्याकडे हमखास उपाय आहे: हातात पिशवी घ्या. गावात रिकाम्या हाताने भरभर चालणारी बाई दिसली की माणसं थांबतात. तीच बाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून निघाली तर ती कामाला निघालेली असते, कुणी अडवत नाही. पिशवीत पाण्याची बाटली, बॅटरी आणि एक फडका ठेवा. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, फुरसं रस्त्यावर वेटोळं करून बसलेलं असतं आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. त्यातूनही कुणी थांबवलंच तर चालता चालता ‘फाट्यावर काम आहे’ म्हणायचं. खोटं नाही ते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यांना तसं सांगाही. चेन्नईत ५३१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. साखर वाढू लागलेली पण मधुमेह न झालेली, म्हणजे तुमच्यासारखीच माणसं. आहार सांभाळून रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गोळी घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी. जे आधीच अंगमेहनतीचं काम करत होते त्यांना डॉक्टरांनी आणखी चालायला लावलं नाही, तेच चालू ठेवा म्हणाले. लावणीच्या दिवसांत तुम्ही दिवसभर चिखलात वाकत असाल तर संध्याकाळचे खांब सोडा, बिनधास्त. पण पतसंस्थेत आठ तास खुर्चीवर बसून घरी ओट्यापाशी उभं राहणं हे पायांवर असणं झालं, त्यात श्वास वाढत नाही. भांडी घासताना आरती सुरात म्हणता येते.

साखरेसाठी अजून एक. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं खळ्यात शतपावली घाला, जेवणानंतरची साखर चढते ती त्याने बरीच आवरते. त्याला वेग नको, कपडे बदलायला नकोत, सासूबाईंनाही बरोबर घ्या.

एप्रिल-मेमध्ये उन्हापेक्षा दमटपणा जास्त छळतो. घाम येतो पण वाळत नाही, अंग निवत नाही आणि त्याच चालीला छाती जास्त धडधडते. तेव्हा त्या दोन महिन्यांत खांब कमी करा आणि पहाटे निघा. आल्यावर पाकातल्या कोकम सरबताऐवजी पाण्यात थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालून प्या, साखर पोटात जात नाही. रक्तदाब असेल तर आगळातलं मीठ लक्षात ठेवा. आणि चालताना छातीत दाब आला, चक्कर आली किंवा हात-जबडा दुखायला लागला तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

आता ता. क. मधले ‘हे’. त्यांना हळू चालायला सांगू नका, ते दोन दिवस ऐकतील आणि तिसऱ्या दिवशी वळणापलीकडे असतील. दोघांनी दारातून एकदम निघा, दोघांच्या मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की जो जिथे असेल तिथून त्याने मागे फिरायचं. ते पुढे निघून गेलेले असणार, म्हणून परतताना त्यांना लांबचा पल्ला पडतो, तुम्हाला जवळचा. दोघांनी आपापली चाल कायम ठेवली तर दारात एकाच वेळी पोचता. आणि तुम्ही परतीचे खांब जरा जोरात काढलेत तर त्यांच्याआधी पोचून चहाचं आधण त्यांनाच ठेवायला सांगता येईल.